बसच्या पट्टीत दादाचा टांगा

माझा भाऊ टांगा चालवायचा आणि माझे यजमान बस. रस्ता दोघांचा एकच, ग्वाल्हेरात बाड्यापासून फूलबागेवरून हजिऱ्यापर्यंत. सुरुवातीला त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. समोरासमोर आले की दादा चाबूक वर करायचा आणि हे हॉर्न वाजवायचे. दादाची घोडी त्या हॉर्नला कान टवकारायची, पण बुजायची नाही. तोच हॉर्न दुसऱ्या बसनं वाजवला तर मात्र बिथरायची, असं दादा सांगायचा. खरं-खोटं त्याला ठाऊक.

दोघंही फौजेतले. आमची घराणी कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दादा रिसाल्यात घोडेस्वार होता, हे फौजेच्या लॉऱ्या चालवायचे. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. फौजेतले काही जण भारताच्या सैन्यात गेले, बाकीच्यांना घरी पाठवलं. लॉरीवाल्यांना नव्या बसखात्यानं लगेच उचललं. घोडेस्वार कुणालाच नको होते. दादाला जी काही रक्कम मिळाली तिच्यातून त्यानं घोडी आणि टांगा घेतला.

यांचं स्थळ दादानंच आणलं होतं. "बोलतो कमी, पण गाडी जपून चालवतो," एवढीच त्याची शिफारस. लग्नाआधी दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. लग्नानंतर दादा चारचौघांत यांना "पाव्हणं" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मी हजिऱ्याला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. सकाळी बसनं जायची. परतताना बहुधा दादाचा टांगा शाळेपाशी उभा असायचा, कारण त्या वेळी हजिऱ्याहून बाड्याकडे गिऱ्हाईक मिळायचंच.

या सगळ्यात एक दिवस इंदूरहून बसखात्याचे नवे साहेब आले.

त्या काळी आमच्या राज्याला दोन राजधान्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. थंडी सुरू झाली की फायली, बाबू, त्यांचे बिस्तरे सगळं इकडे यायचं आणि फूलबागेजवळच्या कचेऱ्या भरून जायच्या. बाबूंना वेळेवर पोचवायचं काम बसचं. पण रस्त्यात टांगे, सायकली, हातगाड्या, मिलमधून सुटलेले मजूर. बस माणसाच्या चालीनं चालायची.

साहेबांनी सगळ्या ड्रायव्हरांना डेपोत बोलावून समजावलं. घरी येऊन यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. बस अडकते म्हणून फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी म्हणून बस जास्त घ्याव्या लागतात. बस जास्त म्हणजे टायर, पेट्रोल, ड्रायव्हर सगळंच जास्त. तेव्हा बस वाढवण्यापेक्षा रस्ता मोकळा करा. अर्ध्या रस्त्यावर डांबर घाला, मधे दगडांची रांग लावा, आणि तो अर्धा फक्त बसला द्या. मग आहेत त्याच बसमध्ये दुप्पट माणसं जातील.

"डोकेबाज माणूस आहे," हे म्हणाले.

मलाही पटलं. मी रोज त्या बसमध्ये घामाघूम होत होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आणि टांगे?"

"उरलेल्या अर्ध्यातून."

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. डांबराची पिंपं आली, दगडांच्या गाड्या आल्या. बाड्यापासून हजिऱ्यापर्यंत गुडघ्याएवढे दगड रोवले आणि त्यांना चुना फासला. बसच्या बाजूला गुळगुळीत डांबर. दुसऱ्या बाजूला जुनाच रस्ता, त्यात गटाराची कड, आणि येणारे-जाणारे सगळे त्यातच. लोक बसच्या भागाला 'पट्टी' म्हणू लागले.

त्या दिवसांत दादा एकदा जेवायला आला होता. पहिला घास घेतला न घेतला तोच म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या साहेबांना कधी टांग्यात बसवून आणा नं."

"काय झालं?" यांनी विचारलं.

"समोरून बैलगाडी आली की मी कुठं जाऊ? गटारात? इकडे दगड, तिकडे गटार."

"सवय होईल."

"घोडीला सांग सवय कर म्हणून." दादा घास हातात धरून बसला होता. "तिची खुरं बघ जाऊन. पट्टी करताना निघालेली सगळी खडी आमच्या बाजूला टाकलीये."

"मी टाकली का?"

"तू चालवणार आहेस नं त्यावर?"

"मग काय करू? नोकरी सोडू?"

मी ताटात भाजी वाढली, दोघांच्याही. कुणी खाल्ली नाही. दादा हात धुऊन निघून गेला.

थंडीत पट्टी उघडली. पहिल्या दिवशी मी बसमध्ये होते. खोटं कशाला बोलू, फार मजा वाटली. खिडकीतून वारा येत होता आणि मी शाळेत घंटेच्या आधी पोचले. यांच्या मानेकडे बघूनच मला कळत होतं की स्वारी खूश आहे. दगडांच्या पलीकडे टांग्यांची, गाड्यांची एकच दाटी झाली होती. त्यात दादा कुठं दिसतो का ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. तो घोडीच्या तोंडाशी उभा राहून तिला मागे सारत होता आणि एक हातगाडीवाला त्याच्यावर ओरडत होता.

बाबू लोक टांग्यात बसेनासे झाले, आणि हळूहळू बाकीचेही. माझी शाळा सुटायची तेव्हा दादाचा टांगा दिसेना. वहिनी एकदा आली ती दारातच उभी राहिली. "आत या नं," मी म्हटलं.

"आत येऊन काय करू? घोडीचा हरभरा बंद केलाय, नुसत्या कडब्यावर आहे. तिच्या आधी आम्ही कमी खाल्लं, आता तिचंही कमी केलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, हॉर्न वाजवत जाऊ नका म्हणावं. इतक्या लांबून घरी ऐकू येतो असं वाटतं."

तिच्या घरापर्यंत हॉर्न ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी मी यांना सांगितलं. यांनी हॉर्न वाजवणं सोडलं.

यांच्याही जिवाला स्वस्थता नव्हती. पट्टी बांधताना खर्चाचा जो अंदाज केला होता तो बांधकामाचा होता. ती चालवायला काय लागतं ते मग कळायला लागलं. दगडांच्या रांगेत जिथं जिथं वाट सोडली होती तिथं लाल झेंडीवाला माणूस ठेवावा लागला, नाहीतर सायकली घुसायच्या. लोक दगड उपटून न्यायचे म्हणून पहारेकरी आले. चुना परत परत लावावा लागायचा. बस जोरात पळायच्या म्हणून टायर लवकर जायचे आणि नवे मुंबईहून यायचे. सकाळी आणि संध्याकाळी बस भरलेली, पण दुपारभर त्या सुंदर पट्टीवरून रिकामी बस धावायची. बसखात्याची मुख्य कचेरी बारा महिने इंदूरलाच, तिथून विचारणा होऊ लागली. साहेब इन्स्पेक्टरला बोलायचे, इन्स्पेक्टर ड्रायव्हरांना.

हा इन्स्पेक्टर हातात घड्याळ धरूनच बसमध्ये चढायचा. एकदा माझ्यासमोर यांना म्हणाला, "मराठा साहब, टाइम नहीं निकला तो पट्टी बंद होगी. पट्टी बंद हुई तो आधे ड्राइवर घर जाएँगे. आपका नाम किस आधे में है, सोच लो." बोलताना तो हसत होता, पण त्याच्या कपाळावर घाम होता. त्याचंही नाव कुठल्यातरी अर्ध्यात असणारच.

संक्रांतीला मी दादाकडे तिळगूळ घेऊन गेले. त्यानं घेतला, खाल्ला. यांचं नाव मात्र काढलं नाही. यांनीही विचारलं नाही, "भेटला का?"

मग एका दुपारी शाळा सुटली तर दादा फाटकाशी उभा. टांगा नव्हता, नुसताच तो.

"उद्या बसनं जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"जाऊ नको म्हटलं नं."

"दादा, काय करून राहिलायस तू?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मुली आमच्या बाजूनं चालल्या होत्या. "फूलबागेच्या अलीकडे, वळणाच्या पुढं. ऑफिसच्या वेळेला. सगळे टांगे पट्टीत उभे राहणार. सगळ्यात पुढं माझा."

"आणि बस थांबली नाही तर?"

"थांबेल."

"कोण चालवत असेल ते माहीत आहे नं?"

"माहीत आहे म्हणूनच म्हणतोय थांबेल," दादा म्हणाला. एवढं बोलून तो पायीच निघाला. रिसाल्यातला माणूस, पायी चालताना कसातरीच दिसायचा.

संध्याकाळी हे हातपाय धुवत होते तेव्हा मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. यांनी पंच्यानं हात पुसले.

"रजा टाका उद्या," मी म्हटलं.

"रजा टाकली तर ती गाडी दुसऱ्याला देतील." आणि यांनी त्या ड्रायव्हरचं नाव घेतलं. त्याच्याबद्दल मला यांच्याकडूनच माहीत होतं. पट्टीत आलेल्या एका सायकलवाल्याला त्यानं मुद्दाम घासून पाडलं होतं आणि डेपोत येऊन ते हसत सांगितलं होतं. "तो थांबणार नाही. एरवी तो माझ्यामागच्या गाडीवर असतो."

"मग साहेबांना सांगा. आधीच पोलीस येतील."

"आधीच पोलीस आले तर तुझा भाऊ आत जाईल."

"मग करणार काय?"

"गाडी चालवणार," हे म्हणाले. "तू घरी थांब."

"मी येणार."

यांनी नको म्हटलं नाही.

सकाळी मी ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. बाड्यावर बस खचाखच भरली. सुटता सुटता इन्स्पेक्टर चढला आणि यांच्या बाजूला दांडी धरून उभा राहिला. रस्ताभर कुणी टांगा दिसेना. दगडांच्या पलीकडची बाजू इतकी मोकळी मी कधीच पाहिली नव्हती. बाबू लोक मजेत गप्पा मारत होते. हे नेहमीपेक्षा हळू चालवत होते.

"क्या बात है? पैदल चल रहे हो?" इन्स्पेक्टर म्हणाला.

वळण आलं. वळणाच्या पुढं सगळे टांगे होते. एकामागं एक, पट्टीची पूर्ण रुंदी भरून. सगळ्यात पुढं आडवा उभा केलेला दादाचा टांगा आणि त्यावर ताठ बसलेला दादा, घोड्यावर बसल्यासारखा. घोडीच्या फासळ्या मोजता आल्या असत्या.

"रुको मत," इन्स्पेक्टर ओरडला. "हॉर्न दो! हट जाएँगे!"

यांनी हॉर्नला हात लावला नाही. बस हळूहळू पुढं गेली आणि घोडीपासून दोन हातांवर थांबली. घोडीनं मान वर केली, मागचे पाय हलवले. दादा तिच्याशी काहीतरी बोलला, ती उभी राहिली. यांनी इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि खाली उतरले.

बसमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणे हजेरी चुकेल, कुणी म्हणे पोलीस बोलवा. इन्स्पेक्टर खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होता. मीही उतरले. मला कुणी अडवलं नाही.

हे आणि दादा त्या जेवणापासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. हे घोडीजवळ गेले आणि त्यांनी आधी तिच्या मानेवर हात ठेवला.

"उतरू नकोस," हे म्हणाले. "पोलीस येतायत. फूलबागेच्या चौकीवरून निघालेत, बघ."

दादानं मान वळवून पाहिलं. चार-पाच लाठ्या खरंच येत होत्या.

"येऊ दे."

"उभा राहिलास तर रस्ता अडवला म्हणतील. चालत राहिलास तर काय म्हणतील?"

दादाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "टांगा चालवला म्हणतील."

"मग चाल. पट्टीतूनच चाल. हजिऱ्यापर्यंत."

"आणि मागून तुझी बस अंगावर?"

"मागून मी येतो. माझ्यामागं तो आहे. मी पुढं असेपर्यंत तो काही करू शकत नाही." मागं वळणावर दुसरी बस दिसूही लागली होती, तिचा हॉर्न सारखा वाजत होता. घोडी बिथरायला लागली.

"तुझी नोकरी जाईल रे," दादा म्हणाला.

"हाक आता, घोडी ओढतीये."

दादानं टांगा सरळ केला. ओरडून मागच्यांना सांगितलं आणि सगळे टांगे एकामागं एक चालू लागले, पट्टीच्या गुळगुळीत डांबरावरून. मी बसमध्ये जाऊन बसले. यांनी इंजिन सुरू केलं आणि टांग्यांच्या मागं मागं, टांग्यांच्याच चालीनं बस नेली. इन्स्पेक्टर किंचाळत होता, "ओव्हरटेक करो!" हे म्हणाले, "जगह कहाँ है, साहब?" मागचा ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला होता. पोलीस पोचले तेव्हा सगळेच चालत होते. कुणाला धरावं ते त्यांना कळेना. ते थोडा वेळ टांग्यांबरोबर चालले, मग थांबले.

फूलबागेला बाबू उतरले. एकानं जाता जाता यांच्याकडे बघून हात जोडले, दुसरा थुंकला. तशीच ती वरात पुढं हजिऱ्याला गेली. हजिऱ्याला उतरून मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले आणि मुली मला पाणी द्यायला लागल्या.

यांना त्याच दिवशी घरी बसवलं. दादाचा टांग्याच्या परवान्याचा बिल्ला जप्त झाला. चौकशीला यांना कचेरीत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "गाडी बंद का केली?"

"समोर टांगे होते."

"हटवता आले असते."

"चिरडता आले असते," हे म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "तुमच्या त्या एका सकाळमुळं काय झालं माहीत आहे? इंदूरला मला सांगावं लागेल की पट्टी टांगेवाल्यांना हवी आहे. मग ते म्हणतील, टांगेवाल्यांसाठी एवढं डांबर?" घरी येऊन हे मला म्हणाले, "तो माणूस झोपत नसणार."

उरलेला हिवाळा आम्ही दोन घरांनी माझ्या पगारावर काढला. शाळेनंतर मी लोकांचे कपडे शिवायला लागले, वहिनी काजं करायला यायची. पहिल्या दिवशी ती पुन्हा दारातच उभी राहिली. मी काही न बोलता तिच्या हातात सुई-दोरा दिला, मग ती आत आली. पुरुष दोघं ओसरीवर बसायचे. बोलायचे म्हणाल तर नाही. पण विड्यांचं एकच बंडल दोघांत चालायचं.

उन्हाळा लागला आणि कचेऱ्या इंदूरला गेल्या. बाबू गेले तशा बस ओस पडल्या. ग्वाल्हेरच्या उन्हात डांबर पाघळलं, बसच्या चाकांनी त्यात चाकोऱ्या पडल्या. दुरुस्तीला पैसे नव्हते. झेंडीवाले कमी केले, मग पहारेकरी. झेंडीवाला गेला तिथून आधी सायकली घुसल्या, मग टांगे. कुणी बंदी उठवल्याचा हुकूम काढला नाही, पाळायलाच कुणी उरलं नाही. दादाला बिल्ला परत मिळाला. यांनाही कामावर घेतलं, पण मुरैन्याच्या बसवर, शहरात नाही. पुढच्या थंडीत पट्टी पुन्हा सुरू करायची खटपट झाली, तोवर निम्मे दगड लोकांच्या दारापुढं पायऱ्या होऊन बसले होते.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत राहिलं नाही, नवा मध्यप्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली, बारा महिन्यांसाठी. फूलबागेजवळच्या कचेऱ्यांतली टेबलं-कपाटं ट्रकांत चढताना मी बसमधून पाहिली. बसखात्यातल्या चांगल्या गाड्याही भोपाळला मागवल्या. यांना हुकूम आला की एक गाडी घेऊन जा आणि तिथंच रुजू व्हा. नाहीतर राजीनामा.

हे गेले. मी शाळा सोडली नाही. एक पगार तरी हातात हवा होता. वर्ष-दीड वर्ष आम्ही असे दोन गावांत राहिलो, मग यांनी खटपट करून इथल्या वर्कशॉपमध्ये बदली घेतली. तोवर दादानं घोडी मोरारकडच्या एका शेतकऱ्याला विकली होती आणि तो हजिऱ्याच्या मिलच्या फाटकावर राखणीला लागला होता. त्याआधी यांनी त्याला मोटार शिकवायचा प्रयत्न केला होता. चार दिवसांत दादानं सोडून दिलं. म्हणाला, "हिला कान नाहीत. मी बोलू कुणाशी?"

हे भोपाळला निघाले ती सकाळ मला आठवते. रिकामी बस न्यायची होती. डेपोच्या फाटकाशी मी आणि वहिनी डबा घेऊन उभ्या होतो. दादा आला आणि कुणाला न विचारता बसमध्ये चढून यांच्या शेजारी बसला. "शिवपुरीपर्यंत येतो," म्हणाला. "परत येईन कुठल्याही गाडीनं."

तो संध्याकाळी परतला, अंगभर धूळ. मी विचारलं, "काय बोललात रस्त्यात?"

"काही नाही," दादा म्हणाला. "चढावर गिअर फार उशिरा बदलतो तो. मी दोनदा सांगितलं."

"मग?"

"मग तिसऱ्यांदा वेळेवर बदलला." आणि तो विहिरीवर तोंड धुवायला गेला.